‘जेरबंद’ झालेला बिबट्या पुढे जातो कुठे?

मागच्या अंकात मी तालुका वार्ताहर असतानाच्या दिवसांवर लिहिलं होतं. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत तीस वर्षं बातम्या पाठवल्या, त्यातल्या बिबट्याच्या किती आणि कशा, असा तो विषय. त्यावर आलेली पत्रं एका मोठ्या पाकिटात भरून संपादकांनी घरी पाठवली आणि आतल्या चिठ्ठीत लिहिलं, ‘आता तुम्हीच निस्तरा.’ सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. पाच पत्रं निवडली आहेत.

आम्ही चारपाच शिक्षक सुट्टीच्या दिवशी वाड्यावस्त्यांवर जाऊन बिबट्याबद्दल माहिती सांगतो. ‘प्रत्येक बिबट्या पकडायची गरज नसते’ असं म्हटलं की लोक पेपरचं कात्रण नाहीतर मोबाइल पुढे करतात: ‘इथं नरभक्षक लिहिलंय, तुम्ही काय सांगता?’ लोकांची मनं माध्यमांनीच बिघडवली असं आता वाटू लागलंय. तुम्ही त्यातलेच. खरं सांगा.
— एक शिक्षिका, आंबेगाव तालुका

बाई, खरं सांगतो, त्यातला वाटा माझाही आहे.

२००१ ते २००३ ही आमच्या भागातली सगळ्यात वाईट वर्षं. अशाच एका संध्याकाळी मळ्यातल्या वस्तीवरून मूल उचलल्याचं कळलं. मी मोटारसायकलवर गेलो. आईशी बोलायचं धाडस झालं नाही, चुलत्याशी बोललो. एसटी स्टँडसमोरच्या दुकानातून बारा ओळी फॅक्स केल्या आणि फोटोचा रोल रात्रीच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिला. माझ्या बारा ओळींत ‘नरभक्षक’ हा शब्द नव्हता. सकाळी पेपरात तो शीर्षकात होता, चार कॉलम. तो डेस्कवर घातला गेला हे खरं, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बातमी पहिल्या पानावर लागली म्हणून मी चहा पाजला. आज लिहितानाही लाज वाटते.

दहाच्या सुमाराला ते पान हातात घेऊन दोनशे माणसं वन विभागाच्या कार्यालयापुढे बसली. मागणी एकच, पिंजरा लावा. पिंजरे लागले आणि तिसऱ्या रात्री एक बिबट्या अडकला. मूल उचलणारा हाच होता का, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. पिंजऱ्याभोवती गर्दी, गजांतून दिसणारे दात असा फोटो पाठवला. शीर्षक आलं, ‘अखेर नरभक्षक जेरबंद’.

‘जेरबंद’ या शब्दावर मी नंतर खूप विचार केला. मराठी पेपरांत बिबट्याचे ठरलेले शब्द आहेत. तो ‘शिरतो’, ‘धुमाकूळ घालतो’, त्याची ‘दहशत पसरते’ आणि शेवटी तो ‘जेरबंद’ होतो. तिथं बातमी संपते. पिंजरा टेम्पोत चढवला की वार्ताहर घरी जातो. टेम्पो कुठे गेला, हे आमच्यापैकी कुणी लिहिलं नाही.

बरेचसे टेम्पो दूरच्या जंगलात गेले. त्या काळात जुन्नर भागात पकडलेले २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटरवर नेऊन सोडले होते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर सगळ्या नोंदी तपासल्या, तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पकडून सोडण्याचा सपाटा सुरू होण्याआधी जुन्नर विभागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, नंतर ते १७ वर गेले. हल्ल्यांतल्या जीवघेण्यांचं प्रमाण शेकडा १८ वरून ३६ झालं. पकडताना बिथरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं जातं. तिथं दुसऱ्या बिबट्यांच्या हद्दी असतात. ते आपल्या जुन्या जागेकडे निघतं आणि वाटेत माणसं भेटतात. इकडे रिकाम्या झालेल्या उसात दुसरा बिबट्या येतोच. त्या वर्षांतल्या माझ्या बातम्यांची सुरुवात बघा: ‘पुन्हा’. ‘पुन्हा हल्ला’, ‘पुन्हा बालकाचा बळी’. पुन्हा का, हे शोधायला मी गेलो नाही.

पुढे वन विभागानं ही पद्धत आवरती घेतली. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र उभं राहिलं. उसाच्या फडात सापडलेले बछडे आईकडे परत द्यायचं काम सुरू झालं. रात्री टोपलीत तिथंच ठेवायचे, ती येऊन घेऊन जाते. साहेब लोक गावात येऊन सांगू लागले की सरसकट पिंजरा लावणं उपयोगाचं नाही. गाव त्यांच्यावर का चिडलं? दहा वर्षं पेपरनं एकच शिकवलं होतं की पिंजरा म्हणजे न्याय. आता पिंजरा नाही म्हणजे न्याय नाही, असाच अर्थ होणार. तुमच्यापुढे येणारं कात्रण तिथून आलंय.

पण सगळा दोष पेपरवर टाकून मोकळ्या होऊ नका. बिबट्याची भीती लोकांना पेपर वाचून वाटत नाही. रात्री बाराला थ्री फेज लाईट येते, बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जावं लागतं, वस्तीवर संडास नाही, कुंपण नाही. भीती तिथली आहे. त्या भीतीनं कुणाकडे बोट दाखवायचं, ते मात्र आम्ही पुष्कळदा ठरवून दिलं. कुकडी कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबट्याची पिढीच्या पिढी जन्माला आली, ही गोष्ट सलग कधी छापून आली नाही. प्रत्येक बिबट्या जणू काल रात्री जंगलातून चुकून आला, असंच आम्ही लिहीत गेलो.

हे चुकीचं कसं, त्याचा पुरावा पलीकडच्याच तालुक्यात आहे. अकोल्यात (तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर) शेतीच्या मुलखात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली आला. १०० चौरस किलोमीटरमागे साधारण ५ मोठे बिबटे, आणि माणसांची वस्ती दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर. विष्ठा तपासली तर खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा, एकटी कुत्रीच ३९ टक्के. जो तिथंच जन्मला आणि तिथलीच कुत्री खाऊन वाढला, तो ‘मानवी वस्तीत शिरला’ कसा? त्याच तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात दिवाळीला वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. (यावरून फार हळवं व्हायचं कारण नाही. वाघोबापुढे नारळ फोडणारा माणूस शेळी गेल्यावर पिंजराही मागतो. मागावाच, शेळी त्याची आहे.)

पुढच्या वेळी कात्रण पुढे आलं की त्यातली एकच गोष्ट विचारा: पकडलेला बिबट्या कुठे नेला, ते यात आहे का? कुणाला उपदेश वाटणार नाही. मी हे दोन गावांत करून पाहिलंय. एका गावात त्यावर तासभर गप्पा झाल्या. दुसऱ्या गावात मला चहा न देता परत पाठवलं.

तुमचा लेख आवडला नाही. तुम्ही पेपरवाले शहराकडे बघून लिहिता. अवनी वाघिणीच्या वेळी तिच्यासाठी मेणबत्त्या लागल्या, मेलेल्या माणसांसाठी कुणी लावल्या? माझ्या तीन शेळ्या गेल्या, त्याची एक ओळ आली नाही. आमच्या बाजूनं कोण लिहिणार?
— एक शेतकरी, शिरूर तालुका

दादा, तुमचं पत्र सगळ्यात आधी वाचलं आणि सगळ्यात जास्त वेळा वाचलं.

अवनीचं प्रकरण मी वार्ताहर म्हणून पाहिलेलं नाही, ते यवतमाळचं. राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर होते. बहुतेक कापसाच्या शेतातली, गुरांमागची साधी माणसं. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये तिला मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला आणि २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी लागली. गावांत फटाके वाजले, पेढे वाटले गेले. शहरांत निषेध झाले. एकाच रात्रीची बातमी, आणि दोन्हीकडच्या लोकांना समोरचा माणूस निर्दय वाटला.

मला त्यात खटकतं ते नाव. वन विभागाच्या कागदावर ती टी-१ होती. ‘अवनी’ म्हटल्यावर ती कुणाची तरी लेक झाली, दोन पिलांची आई झाली. मेलेले मात्र ‘तेरा जण’च राहिले. देशभरच्या वाचकाला तिचं नाव पाठ झालं, त्या तेरांपैकी एकाचंही नाही. नाव दिल्यानं लोक जनावर वाचवायला पुढे येतात हे खरं, पण नाव एकाच बाजूला दिलं की दुसरी बाजू कायमची तुटते. तिला मारताना नियम पाळले की नाही, हा प्रश्न रास्तच होता. विचारला गेला तो मात्र रडून, आणि गावाला तो आपल्याविरुद्ध वाटला. त्यानंतर आमच्याकडे पुण्याहून आलेल्या एका पोरांच्या गटाला पारावर पहिला प्रश्न काय आला असेल? ‘तुम्ही अवनीवाले का?’ पोरं बिबट्याचे फलक घेऊन आली होती. यवतमाळ त्यांनी नकाशावर तरी पाहिलं होतं की नाही कोण जाणे.

तुमच्या शेळ्यांबद्दल. ओळ का आली नाही ते मला पक्कं माहीत आहे. शेळी मेली ही बातमी नसते, पाच मेल्या तर एक कॉलम मिळतो, हे आमच्या धंद्याचं गणित. पण बातमी वेगळीकडे आहे. ४८ तासांच्या आत कळवलं का? मेलेलं जनावर न हलवता पंचनामा झाला का? नुकसानभरपाईचे पैसे किती महिन्यांनी आले? माणूस दगावला तर आता कुटुंबाला २५ लाख मिळतात, हे छापून येतं. त्यासाठी त्या घरातल्या बाईनं किती कागद जमवले, हे येत नाही. तुमच्या गावातल्या पाच घरांचे अर्ज तारखांसकट एका कागदावर मांडा आणि तो कागद वार्ताहराच्या हातात द्या. नुसतं ‘अन्याय झाला’ सांगितलं तर तो चार ओळी लिहील. तारखा दिल्यात तर त्याला साहेबांना फोन करावा लागेल. माझ्या अनुभवात एखाद्या गावाचा वन विभागावर थोडाफार विश्वास बसला तो बिबट्याच्या गोड फोटोंनी नव्हे. भरपाई वेळेवर आली आणि दिवसा लाईट मिळाली, त्या गावांत बसला.

तुमच्या बाजूनं कोण लिहिणार, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मी लिहायला हवं होतं तेव्हा ‘धुमाकूळ’ लिहीत होतो.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर आठवड्याला बिबट्याचा व्हिडिओ येतो. कधी आमच्याच गेटजवळचा म्हणतात, नंतर कळतं दुसऱ्याच राज्यातला. मुलांना खाली पाठवायची भीती वाटते. काय करावं?
— एक गृहिणी, बोरिवली

ज्या व्हिडिओला तारीख आणि जागा नाही, तो आलाच नाही असं समजायचं. आता तर बनवलेली चित्रंही हुबेहूब असतात. पुढे पाठवायचा नाही. खरंच बिबट्या दिसला तर १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर कळवायचं. मागे धावायचं नाही, फोटोसाठी घेरायचं नाही.

तुमच्या शेजारचं राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं, आणि भोवती मुंबई. २००४ मध्ये तिथं हल्ल्यांची जी लाट आली, ती आमच्या जुन्नरइतकीच भयंकर होती. पण २०११ पासून वन विभाग, अभ्यासक आणि मुंबईकर नागरिकांनी एकत्र येऊन जे काम केलं, त्यात पत्रकारांसोबत बसणं हा मोठा भाग होता. बिबट्या दिसणं आणि बिबट्यानं हल्ला करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतकी साधी बाब त्यांच्याशी पुन्हा पुन्हा बोलली गेली. मुंबईच्या बातम्यांची भाषा त्यानंतर निवळलेली मला दिसते. आमच्याकडे तसं कुणी बसवलं नाही. बसवलं असतं तर मी गेलो असतो का, तेही सांगता येत नाही.

आणि सोसायटीच्या मागचा कचरा उचलला जातो का ते बघा. कचरा म्हणजे कुत्री, आणि कुत्री म्हणजे बिबट्याचं ताट.

मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हल्ल्याची बातमी करायला पाठवलं तर काय विचारू?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

आधी थोडा वेळ काहीच विचारू नकोस. घरचे बोलतील तेव्हा ऐक.

मग बारीकसारीक विचार. वेळ काय होती? माणूस उभा होता की वाकलेला, बसलेला? गवत कापणारी, उघड्यावर बसलेली माणसं आणि लहान मुलं बिबट्याला ठेंगणी दिसतात, त्यामुळे हा प्रश्न क्रूर वाटला तरी फार कामाचा. बिबट्या कुणी डोळ्यांनी पाहिला, की ठशांवरून म्हणतायत? ठसे कुणी तपासले? शवविच्छेदन झालं का? त्या आठवड्यात शेतीची लाईट किती ते किती होती? महावितरणचं वेळापत्रक गावातल्या प्रत्येकाला पाठ असतं, ते लिहून घे.

‘नरभक्षक’ लिहायच्या आधी कायदा वाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ मधली भाषा ‘मानवी जीवितास धोकादायक’ अशी आहे, आणि तसं ठरवण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाचा. तुझ्या उपसंपादकाचा नाही. मृतदेहाचा फोटो पाठवू नकोस. बछडे सापडले तर शेताचं ठिकाण छापू नकोस. ते छापलं की सेल्फीवाल्यांची जत्रा भरते आणि आई रात्री जवळ येत नाही. मी एकदा छापलं होतं.

आणि पाठपुरावा कर. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या काढून, गळ्यात रेडिओ कॉलर घालून माळशेजला सोडला. तो रस्ते आणि रेल्वेचे रूळ ओलांडत, सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालत थेट मुंबईच्या उद्यानात पोचला. वाटेत त्यानं माणसाला नख लावलं नाही. त्याला ‘आजोबा’ म्हणत. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर गाडीनं त्याला उडवलं. आमच्या पारावरच्या म्हाताऱ्यांनाही त्याची गोष्ट माहीत आहे, आणि ते ती चवीनं सांगतात. अवनीसारखंच हेही दिलेलंच नाव, पण इथं कुणाचं घर उजाडलेलं नव्हतं, म्हणून कुणाला टोचलं नाही. आणि ही गोष्ट मिळाली कशी? विहिरीतून काढल्यावर तो कुठे गेला, हे यंत्र का होईना, कुणीतरी पाहत राहिलं म्हणून. आम्ही वार्ताहर विहिरीच्या काठावरूनच परत यायचो.

मी सातवीत आहे. आमच्या गावात पिंजरा लावला होता. पिंजऱ्यात शेळी ठेवतात तिचं काय होतं? ती कोणाची असते?
— ओतूरजवळच्या एका शाळेतून

शाब्बास. तीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही संपादकानं विचारला नाही.

पिंजऱ्याला मागच्या बाजूला वेगळा कप्पा असतो, मधे जाळी. शेळी त्या कप्प्यात. बिबट्या पुढच्या दारानं आत येतो, फळीवर पाय पडला की दार खाली येतं. शेळी त्याच्या हाताला लागत नाही, पण दोघं सकाळपर्यंत वीतभर अंतरावर असतात. शेळी बहुतेक वेळा गावातल्याच कुणाची तरी असते, कधी तिच्याऐवजी कोंबडी ठेवतात.

मी पाहिलेली एक शेळी वडगावकडच्या एका आजींची होती, काळी, एका कानाला पांढरा ठिपका. रात्रभर ओरडून तिचा आवाज बसला होता. बिबट्याला टेम्पोत चढवलं, लोक टेम्पोमागे गेले, मी फोटो काढत टेम्पोमागे गेलो. परत आलो तर आजी एकट्याच कप्प्याची खिटी काढत होत्या. शेळी बाहेर येईना. आजींनी शेवटी तिला काखेत मारलं आणि घरी नेलं. चार दिवस तिनं दूध दिलं नाही, असं त्या नंतर सांगत होत्या. पुढच्या वेळी पिंजरा आला तेव्हा त्यांनी शेळी द्यायला चक्क नकार दिला, म्हणाल्या, सरपंचाची न्या.

तुमच्या गावातली शेळी कोणाची होती, आणि आता कशी आहे? विचारून मला कळव.